डब्यात उरलेला पिवळा

रविवार, १८ एप्रिल २००४. सकाळीच गाडीची मागची सीट रंगवायला घेतली आणि तुमचा पिवळा काही जुळेना.

पुढच्या दोन सीटा, डॅशबोर्ड आणि पुढची दोन दारं आतून तुम्ही रंगवून गेलात. मागचं सगळं तसंच, पहिल्या मालकाच्या, त्या डॉक्टरांच्या काळातलं मळकट पांढरं. पुढून पाहिलं तर गाडी लग्नाला निघालेली, मागून पाहिलं तर दवाखान्यातून परत आलेली. माणसाला जायचंच असेल तर काम सुरू करण्याआधी जावं, नाही तर संपवून तरी जावं. तुमची अर्ध्यावर सोडायची खोड जुनी. न्हाणीचा गिलावा अर्धा, विहिरीवरची शेड अर्धी, आणि आता ही.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मी दुसऱ्या दिवसापासून शिलाई मशीनवर बसले. लग्नसराईत बायकांना ब्लाऊज वेळेवर लागतात, कुणाच्या घरात काय झालंय हे त्या फार विचारत बसत नाहीत, आणि मला ते बरंच वाटलं. पण दत्ताभाऊजी रोज येऊन एकच सांगायचे. तुमचे भाऊ, तुमच्यासारखेच, एक गोष्ट डोक्यात शिरली की दुसरीला जागा नाही.

“वैनी, गाडी इकून टाकू. जवळा बाजारचा एक जण मागून राहिला. घरात उभी करून काय करता?”

“तुम्ही चालवा की.”

“मी चालवीन, पण भाडं कोण देईल? आतून बघा तिला. अर्धी पिवळी, अर्धी पांढरी. लोक म्हणतील, उकडलेलं अंडं हाय.”

मी म्हटलं, बळीरामच्या पोराचं लग्न सोमवारी आहे, गाडी तुमच्या भावानं आधीच कबूल केलेली आहे. त्या लग्नाला ती नीट गेली तर ठेवू. नाही गेली तर तुम्ही म्हणाल तसं. ते कबूल झाले. मीही झाले, पण हिशेब मला ठाऊक होता. गाडी गेली की माझ्या हातात मशीन तेवढी राहते, आणि आता आपल्या शिरडात मशीनवर बसणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत.

शनिवारी संध्याकाळी बळीराम स्वतः आला. तुमच्या शेताशेजारचा, तुमच्याबरोबर बांधावर भांडलेला आणि त्याच बांधावर जेवलेला. गाडीचं दार उघडून बराच वेळ आत बघत राहिला.

“वैनी, खरं सांगतो. आमची म्हातारी कुरकुर करून राहिली. म्हणती, त्या घरची गाडी आत्ताच काहून? मी म्हणलं, भाऊला शब्द देला हाय, गाडी तीच. पण नवरीकडचे पाव्हणे लई बारीक बघणारे हायेत. आतून तेवढी बराबर करा.”

“बराबर म्हणजे?”

“म्हंजी मागचं पुढच्यासारखं.”

बराबर. तुमचाच शब्द. आयुष्यभर तुम्ही प्रत्येक बिघडलेल्या गोष्टीवर तो ठेवलात. ‘हून जाईल बराबर.’ गाडी चढाला बंद पडली, बराबर. पाऊस गेला, बराबर. आता ते बराबर करायचं काम माझ्याकडे आलं, तर त्याचा नमुना तुमच्याबरोबर गेलेला.

हे सगळं सुरू झालं एका वाटीवरून. गाडी नवीनच घेतली होती, म्हणजे डॉक्टरांना जुनी आणि आपल्याला नवीन. आतून दुधासारखी पांढरी. मी तेव्हाच म्हटलं होतं की मी खोळी शिवते, चांगल्या जाड कापडाच्या. तुम्ही म्हणालात, “एवढी गोरी गाडी झाकून काहून ठेवायची?” पहिल्याच लग्नसराईत उष्टी हळद घेऊन गाडी नवरीच्या गावी निघाली. नवरदेवाला लावून उरलेली हळद, वाटीत, वर रुमाल, मागच्या सीटवर बसलेल्या करवलीच्या मांडीवर. समोर म्हैस आली, तुम्ही ब्रेक दाबला आणि वाटी सीटवर पालथी. करवली रडायला लागली, सोबतच्या बायका अपशकून अपशकून करायला लागल्या. तुम्ही उतरलात, वाटीत डोकावलात आणि म्हणालात, “हाय की थेंबभर. नवरीकडं तिची हळद भिजवलेली असतीच. त्यात एवढी मिसळली की बराबर.” बायकांनी वाटीवर पुन्हा रुमाल टाकला. ही गोष्ट तुम्ही नंतर येईल त्याला सांगितलीत. सीटवर पडलेल्या डागाबद्दल मात्र कुणाला सांगितलं नाहीत, कारण तो मी घासत होते. साबणानं, लिंबानं, रॉकेलनं. हळदीला उन्हात ठेवलं की ती उडते म्हणतात. आपली उडाली नाही. पुढे प्रत्येक लग्नात एकेक हात उमटत गेला. नवरदेव टेकला तिथं पाठ, करवलीनं धरलं तिथं बोटं. आपली मीरा सासरी गेली तीही याच गाडीतून. तिच्या हाताचा ठसा मागच्या डाव्या दारावर होता. तो मी घासला नाही, तुम्हीही घासला नाहीत, आणि त्याबद्दल आपण काही बोललो नाही.

मग तुम्ही रंगाच्या मागे लागलात. तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो. हिंगोली जिल्हा होऊन जुना झाला, आपल्या सीटचा रंग काही होईना.

पहिल्यांदा बाजारातून साड्या रंगवायच्या पुड्या आणल्यात, डाळिंबी. मी मशीनवरूनच सांगितलं, हा रंग सुताला चढतो, रेक्झिनला नाही. माझा जन्म कापडात गेलाय. तर म्हणे, “कापड काय अन् रेक्झिन काय, गरम पाण्यात मीठ टाकलं की बराबर चढतंय.” माझ्या भाताच्या पातेल्यात तो रंग उकळलात. वाळल्यावर सीट सुंदर दिसली, हे मान्य. दुसऱ्या दिवशी एका लग्नात अक्षता टाकायला चार म्हातारे उठले आणि चौघांची पांढरी धोतरं मागून डाळिंबी. बायका तोंडाला पदर लावून हसून राहिल्या. एकीनं तर विचारलंच, “मामा, तुमी रंगपंचमी बसून खेळले का?” तुम्ही घरी येऊन ही गोष्ट सांगताना हसून हसून खाली बसलात. त्यातला एक म्हातारा दुसऱ्या दिवशी चारही धोतरांचं गाठोडं घेऊन दारात आला तेव्हा तुम्ही शेतात गेला होतात. धोतरं मी धुतली. पातेलंही मीच फेकलं.

पुढे ऑइलपेंट. तो ब्रशनं मारला की फराटे दिसतात, म्हणून तुम्ही कापसावर औषध मारायचा पंप खांद्याला लावलात.

“पंप धुतला का?”

“धुतला की.”

“कशानं?”

“पाण्यानं. आणिक कशानं धुत्यात?”

त्या उन्हाळ्यात गाडीत बसलेला माणूस हिंगोलीला पोचेपर्यंत मळमळून घामाघूम व्हायचा. एक बाई उतरताच रस्त्याच्या कडेला बसल्या आणि त्यांनी सकाळचं सगळं बाहेर काढलं. मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही मला म्हणालात, “पण एक माशी शिरत न्हाई बघ आत.” वर मे महिन्यात तो पेंट पाघळला. शाळेतले गुरुजी उतरले आणि सीटची हातभर खपली त्यांच्या पँटला लागून खाली आली. मग सगळं खरवडायचं ठरलं. ठरवलंत तुम्ही, खरवडलं मी, खुरप्यानं आणि ब्लेडनं. अजूनही ऊन चढलं की गाडीतून त्या औषधाचा वास येतो. रविवारीही आला. दार उघडल्याबरोबर तोंडावर आला, आणि मला दोन मिनिटं बाहेर उभं राहावं लागलं. वास उग्र आहे, डोळ्यांत पाणी येतं.

एवढं होऊनही आपला वाद मिटला नव्हता. मी म्हणायची, चॉकलेटी द्या. सगळे डाग पोटात घेतो. तुम्हाला पिवळाच हवा. “नवरदेवाच्या गाडीत काळपट रंग? लोक चढतील का? डाग हळदीचा पडतो ना, मग गाडीलाच हळदीचा रंग देऊ. डाग कुठं दिसंल?” मी म्हणायची, हळद दोन महिने असते, चिखल वर्षभर असतो. आपली काळी माती पिवळ्यावर किती उठून दिसेल याचा विचार करा. तुम्ही म्हणायचात, चिखल पायाला असतो, सीटला न्हाई. मी म्हणायची, तुम्ही सीटवर पाय घेऊन बसता ते मी पाहिलंय. इथं तुम्ही रेडिओ मोठा करायचात. वाद तिथंच राहिला. तो मी जिंकला असता. अजूनही मला तेच वाटतं.

शेवटी हिंगोलीला मोंढ्यात माल विकायला गेला होतात, तिथून येताना सोफा दुरुस्त करणाऱ्याकडून रेक्झिनचा खरा रंग आणलात. पांढरा, पिवळा आणि थोडासा लाल, शिवाय थिनर. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा योग्य वस्तू घरात आली. तुम्ही अंगणात बसून कालवत होतात आणि मधूनमधून हातातल्या कशाशी तरी ताडून बघत होतात.

“नमुना काय धरलाय?” मी विचारलं.

“हळकुंड. मोडून बघ, आत काय रंग असतो. असा रंग कोण्या दुकानात मिळतो का?”

“किती लाल टाकला ते तरी ध्यानात ठेवा.”

“डोळ्याला कळतंय की.”

डोळ्याला कळतंय. तो डोळा आता कुठून आणू? पुढचं सगळं तुम्ही उत्तम रंगवलंत. पातळ हात, एकावर एक, कुठं ओघळ नाही. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही. पिवळा चांगला दिसत होता. हे तुम्हाला सांगायचं राहिलं असं लोक म्हणतील. राहिलं नाही, मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. अर्ध्या कामात तुमचं कौतुक केलं की तुम्ही तिथंच थांबता, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. मागची सीट झाली की सांगणार होते.

मग तुम्ही गाडीच्या सावलीत बसलात आणि म्हणालात, पाणी आण. मी पाणी आणलं. ते तुम्ही प्यायला नाहीत.

माणसं जमली, आरडाओरडा झाला, कुणी जीप आणायला पळालं. त्या गर्दीत मला अंगणात रंगाचा डबा उघडा दिसला आणि मी त्याचं झाकण दाबून बसवलं. वर दगड ठेवला. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं, आणि अजून आल्यागेल्याला सांगतात, “नवरा तिकडं आडवा पडला अन् ही डब्याला झाकण लावून राहिली.” लावलं. उघडा राहिला असता तर रंग वाळला असता, आणि तुम्ही उठला असतात तर पहिली हाक मलाच मारली असती की झाकण काहून लावलं न्हाई. तुम्ही उठणार नाही हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

तर रविवार. मी सीट साबणानं धुतली, थिनरनं पुसली, पॉलिश पेपरनं हलकेच घासली. दत्ताभाऊजी हिंगोलीहून त्याच दुकानातले तेच रंग घेऊन आले होते. कालवायला बसले. पहिला पिवळा लिंबासारखा झाला. लाल घातला, तर झेंडू. पांढरा घातला, तर दत्ताभाऊजी म्हणाले, “वैनी, ही तर कढी झाली.” प्रत्येक वेळी सीटच्या मागच्या बाजूला एक पट्टा ओढायचा, वाळू द्यायचा, पुढच्या सीटशी ताडायचा, आणि चुकला म्हणून दुसरा करायचा. दुपारपर्यंत सीटची पाठ पट्ट्यापट्ट्यांची झाली.

गाडीच्या पुढच्या खणात तुमचं मोडलेलं हळकुंड सापडलं, वर तुमच्या अंगठ्याचा पिवळा ठसा. वाटलं, सुटले. पण ते इतके दिवस उघडं पडून आत फिकट झालेलं. मग मी घरातल्या डब्यातली हळकुंडं घेतली आणि उंबऱ्यावर ठेवून बत्त्यानं मोडली. एक आतून केशरी निघालं, एक लिंबी, एकाला कडेनं गडद आणि मधे काहीच नाही. आपल्याच शेतातली, एकाच काहिलीत शिजलेली. मला इतका राग आला की बत्ता अंगणात फेकला. माणसानं धरून धरून असा नमुना धरावा, जो मोडेल तिथं वेगळा निघतो? आणि वर तोंड करून म्हणावं, डोळ्याला कळतंय?

“वैनी, राहू द्या,” दत्ताभाऊजी हळूच म्हणाले. “आपण प्रयत्न केला. मी बळीरामला सांगतो, दुसरी गाडी बघ म्हणून. अन् जवळा बाजारच्या माणसाला निरोप धाडतो.”

मी म्हटलं, थांबा जरा.

दगड काढला, तुमच्या डब्याचं झाकण उचकटलं. वर जाड साय धरलेली. ती चाकूनं कापून बाजूला केली, तर तळाला रंग अजून पातळ होता. तोच पिवळा. पण किती, तर पळीभर.

दत्ताभाऊजी वाकून बघत म्हणाले, “एवढ्यात एक दार बी होणार न्हाई.”

“होणार नाही.”

मी तो थेंबभर माझ्या डब्यात ओतला, माझ्या त्या चुकलेल्या पिवळ्यात, आणि काडीनं ढवळला. तुमचा डबा थिनरनं विसळून तेही ओतलं.

“जुळला का?”

“नाही.”

“मंग?”

“मग काय? लावायचा.”

ब्रश मी घेतलाच नाही. जुन्या अस्तराच्या कापडाची पुरचुंडी केली आणि पातळ हात देत गेले. चैत्रातलं ऊन होतं, एक हात होईतो आधीचा वाळत होता. डाव्या दारावरच्या मीराच्या ठशापाशी आले तेव्हा थोडी थांबले. मग त्याच्या कडेकडेनं रंगवलं आणि तेवढा चौकोन सोडला. तुम्ही पुढून सुरुवात करून हे दार शेवटावर का ठेवलं होतंत हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

दिवस कलता बळीराम आला. पोराला हळद लावून थेट आलेला, त्याचे स्वतःचेच हात कोपरापर्यंत पिवळे. कशाला शिवू नये म्हणून हात वर धरून गाडीभोवती फिरला. पुढं पाहिलं, मागं पाहिलं, पुन्हा पुढं पाहिलं.

“दोन पिवळे हायेत, वैनी.”

“दोन आहेत.”

“पुढचा भाऊचा?”

“त्यांचा. मागचा मी केला. त्यांचं डब्यात उरलं होतं, ते त्यात मिसळलंय.”

तो मागच्या सीटपाशी वाकला. मग म्हणाला, “म्हंजी उष्टा.”

मी थिनरची बाटली उचलली आणि तिचं बूच शोधायला लागले. ते माझ्या हातातच होतं.

“सकाळी पाठवून द्या,” बळीराम म्हणाला. “म्हातारीला मी सांगतो, गाडी बराबर झाली म्हणून.”

सोमवारी सकाळी मी तुमच्या दुखवट्यात माझ्या भावानं आणलेली साडी काढली. पांढरट, बारीक काठाची. मशीनच्या तेलात हात असणाऱ्या बाईला असली साडी आणणाऱ्याची मला कमाल वाटली होती, म्हणून ती घडीच मोडली नव्हती. ती नेसले आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत मी मागं कधी बसले नव्हते. दत्ताभाऊजींना म्हटलं, फाट्यापर्यंत न्या आणि परत आणा, खड्डे चुकवू नका. मी पाठ टेकून, घट्ट रेलून बसले, वळणावर मुद्दाम सरकले. गाडी परत दारात आली तेव्हा चांगलं ऊन चढलं होतं. मी उतरले आणि पाठमोरी उभी राहिले.

“मागं काही लागलं का बघा.”

ते बिचारे लाजून एका बाजूनं बघत होते. “न्हाई वैनी. काहीच लागलं न्हाई.”

मी पदर आणि मागचा घोळ पुढं ओढून स्वतः पाहिलं. साडी कोरी होती. कुठं टिपूसही नाही.

मग तुम्ही भाड्याला निघालात की मी करायची तसं केलं. गाडीच्या टपावर दोनदा हात मारला आणि म्हटलं, जाऊ द्या.